मालकाचा धर्म आणि नोकराचे वेतन

धार्मिक वा नैतिक कारण पुढे करून जवळजवळ कोणत्याही मालकाला आपल्या नोकरांच्या आरोग्यविम्यातून संततिनियमनाची साधने वगळता येतील, अशी मुभा देणारी अमेरिकन सरकारची २०१८ सालची नियमावली फिलाडेल्फिया येथील संघीय जिल्हा न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये रद्दबातल ठरविली. अशी नियमावली काढण्याचा अधिकार सरकारला आहे, असा कौल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला होता. परंतु अधिकार असणे वेगळे आणि तो सकारण वापरणे वेगळे. सरकारने दिलेली कारणे आणि दिलेली सूट यांचा मेळ बसत नाही, असे जिल्हा न्यायालयाचे म्हणणे पडले. २०११ साली सुरू झालेला हा वाद तीनदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला, तीन अध्यक्षांच्या कारकिर्दी त्याने पाहिल्या आणि तरीही तो संपला असे कोणी समजत नाही.

दूरवरून पाहणाऱ्यास हा धर्म आणि आधुनिकता यांच्यातील जुन्याच भांडणाचा नवा प्रयोग वाटेल. तसा तो काही अंशी आहेही. परंतु केवळ तेवढेच असते तर संततिनियमनाची साधने दुकानात उघड विकली जाणाऱ्या देशात हा तंटा इतका चिघळला नसता. विवाहित जोडप्यांना ही साधने वापरण्याचा हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली मान्य केला आणि अविवाहितांना १९७२ साली. आज प्रश्न साधने वापरावीत की नाही हा नाही. त्यांचे पैसे कोणाच्या खिशातून जातात आणि तो खिसा खरोखर कोणाचा, हा आहे. म्हणून या वादाचा उलगडा व्हायचा तर धर्मशास्त्राइतकेच अर्थशास्त्राकडेही पाहावे लागते.

विमा मालकाच्या हाती कसा आला?

ब्रिटन, फ्रान्स वा जर्मनी येथे हा वाद या स्वरूपात उद्भवत नाही. तेथे उपचारांचा खर्च करातून अथवा सक्तीच्या सामाजिक विम्यातून भागविला जातो आणि कोणता उपचार त्यात मोडतो हे मालक ठरवीत नाही. अमेरिकेत मात्र पंधरा कोटींहून अधिक लोकांचा आरोग्यविमा त्यांच्या वा त्यांच्या कुटुंबीयांच्या नोकरीशी बांधलेला आहे. ही व्यवस्था कोणी विचारपूर्वक आखली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात भाववाढ आवरण्यासाठी १९४२ साली वेतनवाढीवर निर्बंध घालण्यात आले. माणसे तर हवी होती, पण पगार वाढविता येत नव्हता. तेव्हा कारखानदारांनी पगाराऐवजी विमा देण्याची वाट काढली आणि युद्धकालीन कामगार मंडळाने अशा सवलती वेतनवाढीत धरल्या नाहीत. पुढे १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेल्या विमाहप्त्यावर नोकराला प्राप्तिकर लागणार नाही हे पक्के केले. युद्धकाळातील ही तात्पुरती सोय अशा रीतीने करसवलतीच्या आधाराने कायमची झाली.

या इतिहासातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. मालक देतो तो विमा हे दान नाही, तो वेतनाचाच भाग आहे. जो पैसा रोख हाती पडला असता तो विम्याच्या रूपाने पडतो, एवढाच फरक. मालकाचा हप्ता वाढला की रोख पगाराची वाढ मंदावते, असा बहुतेक अर्थतज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. मालक हा येथे देणारा कमी आणि मधला हात अधिक आहे. नोकराच्या श्रमाचे मोल तो दोन पाकिटांत घालतो, एका पाकिटात रोकड आणि दुसऱ्यात विमापत्र. पहिल्या पाकिटातील पैशाने नोकराने काय विकत घ्यावे यात आपल्याला काही अधिकार आहे, असा दावा कोणताही मालक करीत नाही. दुसऱ्या पाकिटाबाबत मात्र तसा दावा केला जातो आणि सगळा वाद तेथून सुरू होतो.

२०१० चा कायदा

अध्यक्ष ओबामा यांनी २०१० च्या मार्चमध्ये ज्या आरोग्यविमा कायद्यावर स्वाक्षरी केली, त्यात रोगप्रतिबंधक सेवा रुग्णाकडून एक छदामही न घेता पुरविल्या पाहिजेत, असे कलम होते. स्त्रियांच्या विशेष गरजांचा त्यात समावेश व्हावा म्हणून सिनेटर बार्बरा मिकुल्स्की यांनी दुरुस्ती मांडली व ती संमत झाली. त्या गरजा कोणत्या, हे मात्र कायद्याने सांगितले नाही. ते काम प्रशासनावर सोपविले. वैद्यक संस्थेच्या तज्ज्ञ समितीने २०११ च्या जुलैमध्ये दिलेल्या अहवालात शासनमान्य अशा सर्व गर्भनिरोधक पद्धतींचा त्या यादीत समावेश करण्याची शिफारस केली आणि ऑगस्टमध्ये सरकारने ती स्वीकारली. पन्नास वा अधिक पूर्णवेळ नोकर असलेल्या मालकाने विमा तर द्यायचा, पण त्यात या सेवा नसतील तर दर नोकरामागे दर दिवशी शंभर डॉलर दंड, अशी कायद्यात तरतूद होती.

समितीने ही शिफारस का केली असावी हे समजण्यास आकडे पुरेसे आहेत. २०११ च्या सुमारास अमेरिकेतील गर्भधारणांपैकी सुमारे ४५ टक्के अनपेक्षित वा अनिच्छित होत्या. गोळ्यांपेक्षा तांबीसारखी दीर्घकाळ टिकणारी साधने अधिक खात्रीची, पण ती बसविण्याचा खर्च एक हजार डॉलरपर्यंत जातो. संघीय किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. त्या दराने काम करणाऱ्या स्त्रीची ही जवळजवळ महिन्याची कमाई झाली. दीर्घ मुदतीत साधन स्वस्त पडते, पण एकदम रक्कम काढणे तिला शक्य नसते. परिणामी ती कमी खात्रीच्या साधनावर भागविते आणि तिची चूक शेवटी सर्वांनाच महाग पडते. नवा नियम लागू झाल्यानंतरच्या काळाविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, विमा असलेल्या स्त्रियांना तांबीसाठी पदरचे करावे लागणारे सरासरी खर्च २६२ डॉलरवरून ८४ डॉलरवर आल्याचे दिसून आले.

याला आणखी एक बाजू आहे. क्लॉडिया गोल्डिन या अर्थशास्त्रज्ञ बाईंना २०२३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लॉरेन्स कॅट्झ यांच्यासह त्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले, की गर्भनिरोधक गोळी तरुण अविवाहित स्त्रियांच्या हाती आल्यानंतर वैद्यक व कायदा यांसारख्या दीर्घ शिक्षणाच्या व्यवसायांत शिरणाऱ्या मुलींचे प्रमाण वाढले आणि विवाहाचे वय पुढे गेले. अपत्य केव्हा व्हावे यावर ताबा असल्यावाचून दहा वर्षांच्या शिक्षणाची आखणी कोण करील? संततिनियमनाचे साधन हे अशा रीतीने केवळ औषध राहत नाही. शिक्षण आणि नोकरी यांच्या दारातून आत जाण्याची ती पूर्वअट ठरते.

आक्षेप कोणाचा आणि कशाला?

रोमन कॅथलिक धर्मपीठाची भूमिका जुनी व सुसंगत आहे. पोप सहावे पॉल यांनी १९६८ च्या जुलैमध्ये काढलेल्या धर्मपत्राने सर्व कृत्रिम गर्भनिरोधक साधने निषिद्ध ठरविली व ती भूमिका आजतागायत बदललेली नाही. बहुसंख्य अमेरिकन कॅथलिक स्त्रिया ती पाळीत नाहीत हे सर्वश्रुत आहे. पण अनुयायी आज्ञा मोडतात म्हणून आज्ञा देणाऱ्याची श्रद्धा खोटी ठरत नाही. अडचण अशी, की तेथे कॅथलिक संस्था केवळ चर्चपुरत्या नाहीत. विद्यापीठे, शाळा, अनाथालये आणि मोठी रुग्णालये त्या चालवितात. या संस्थांत प्रॉटेस्टंट, ज्यू, हिंदू, मुस्लिम आणि कोणताच धर्म न मानणारे असे लाखो लोक काम करतात.

सरकारने प्रथम प्रार्थनामंदिरे तेवढी नियमातून वगळली. बिशप मंडळींनी निषेधाचा गदारोळ केला तेव्हा २०१२ च्या फेब्रुवारीत ओबामा यांनी तडजोड मांडली व २०१३ साली ती अंतिम नियमांत उतरली. धार्मिक सेवाभावी संस्थेने आपला आक्षेप एका अर्जावर लिहून द्यावा. मग विमा कंपनी त्या संस्थेचा एक पैसाही न घेता संबंधित स्त्रियांना ही सेवा परस्पर देईल. कंपनीला तोटा नव्हता, कारण बाळंतपणाच्या खर्चापुढे गोळ्यांचा खर्च किरकोळ असतो. तडजोड समंजस होती. संस्थेची श्रद्धा अबाधित राहात होती आणि नोकर स्त्रीचा हक्कही.

दुसरा आक्षेप इव्हँजेलिकल मालकांचा होता व तो निराळा होता. ओक्लाहोमा शहरातून पाचशेंहून अधिक दुकाने चालविणाऱ्या हॉबी लॉबी या हस्तकला-साहित्याच्या कंपनीचे मालक ग्रीन कुटुंबीय यांचा संततिनियमनाला सर्वस्वी विरोध नव्हता. शासनमान्य वीस पद्धतींपैकी सोळा त्यांना मान्य होत्या. दोन आपत्कालीन गोळ्या व दोन प्रकारच्या तांब्या फलित बीज गर्भाशयात रुजू देत नाहीत आणि म्हणून ते गर्भपातासमान आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वैद्यक शास्त्राच्या जाणकारांनी हे तेव्हाही नाकारले होते. त्यांपैकी एका प्रमुख गोळीवरील माहितीपत्रक अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्त केले आणि ती गोळी बीज रुजण्यास अटकाव करीत नाही असे त्यात नमूद केले. पण न्यायालयापुढे प्रश्न श्रद्धा खरी आहे का हा होता, ती शास्त्राला धरून आहे का हा नव्हता.

न्यायालयांची वळणे

हॉबी लॉबीचा निकाल समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९८२ साली आमिश पंथाच्या एका मालकाने सामाजिक सुरक्षेचा कर भरण्यास धार्मिक कारणाने नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याला परत पाठविले. जो मनुष्य स्वखुशीने व्यापारधंद्यात उतरतो त्याने स्वतःच्या आचरणासाठी घालून घेतलेल्या मर्यादा इतरांना बांधणाऱ्या कायद्यावर लादू नयेत, असा त्या निकालाचा आशय होता. १९९० साली प्रश्न आला तो धार्मिक विधीत पेयोटी ही निषिद्ध वनस्पती सेवन केल्यामुळे नोकरी गमावलेल्या दोघांचा. ओरेगॉन राज्याने त्यांना बेकारभत्ता नाकारला. सर्वांना सारखा लागू होणारा कायदा धर्माचरणाच्या आड आला तरी तो घटनेला बाधक नाही, असे न्या. स्कालिया यांनी बहुमताने सांगितले. या निकालाने दोन्ही पक्षांचे लोक इतके अस्वस्थ झाले की १९९३ साली काँग्रेसने धर्मस्वातंत्र्याच्या पुनःस्थापनेचा कायदा जवळजवळ एकमताने संमत केला. धर्माचरणावर सरकारने मोठा भार टाकला तर त्यामागे अनिवार्य लोकहित असले पाहिजे आणि कमीत कमी जाचक उपाय योजलेला असला पाहिजे, ही त्यातील कसोटी.

दुर्बळ अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी केलेले हे शस्त्र वीस वर्षांनी तेरा हजार नोकर असलेल्या कंपनीने हाती घेतले. ३० जून २०१४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी सर्वोच्च न्यायालयाने हॉबी लॉबीचे म्हणणे मान्य केले. मोजक्या भागधारकांची खासगी कंपनी ही त्या कायद्यापुरती व्यक्ती आहे आणि तिलाही धर्माचरण असू शकते, असे न्या. अलिटो यांनी लिहिले. त्यांच्या युक्तिवादाचा कणा मात्र निराळा होता. धार्मिक सेवाभावी संस्थांसाठी सरकारने स्वतःच तडजोड काढली आहे. तीच या कंपन्यांना लागू केली तर स्त्रियांचे काहीच नुकसान होणार नाही. कमी जाचक उपाय हाताशी असता सरकारने कडक उपाय का योजावा? असा तो मुद्दा होता.

तो मुद्दा ज्या तडजोडीवर उभा होता ती पुढे राहिली काय? निकालाला तीन दिवस होतात न होतात तोच इलिनॉयमधील एका धार्मिक महाविद्यालयाला न्यायालयाने तोच अर्ज भरण्यापासून तात्पुरती सूट दिली. अर्ज भरणे हेच पापात सहभागी होणे आहे, असे त्या महाविद्यालयाचे म्हणणे होते. वृद्धांची सेवा करणाऱ्या ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या भगिनीसंघानेही हीच हरकत घेतली. १८३९ साली फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या या संघाची वृद्धाश्रमे भारतातही आहेत आणि त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. २०१६ च्या मे महिन्यात, न्या. स्कालिया यांच्या मृत्यूनंतर आठच न्यायमूर्ती उरले असता, सर्वोच्च न्यायालयाने निकाल न देता उभय पक्षांनी मार्ग काढावा असे सांगून प्रकरणे परत पाठविली. अध्यक्ष ट्रम्प यांच्या प्रशासनाने २०१७ व २०१८ साली तो मार्ग काढला तो असा, की अर्जच ऐच्छिक करून टाकला. मालकाने आक्षेप घ्यावा आणि मोकळे व्हावे. स्त्रीला साधन कोठून मिळेल याची चौकशी करण्याचे कारण नाही. या सुटीमुळे ७०,५०० ते १,२६,४०० स्त्रियांची ही सोय जाईल असा खुद्द सरकारचाच अंदाज होता. २०२० च्या जुलैमध्ये सात विरुद्ध दोन मतांनी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा तसे करण्याचा अधिकार मान्य केला.

२०१४ चा निकाल पर्यायी व्यवस्था आहे म्हणून दिला गेला. २०२० पर्यंत ती व्यवस्था मालकाच्या मर्जीवर आली, पण निकाल मात्र कायम राहिला. शिडी काढून घेतली तरी माडीवर गेलेला मनुष्य खाली येत नाही. येथे माडीवर मालक होता आणि खाली राहिल्या त्या नोकर स्त्रिया.

सदसद्विवेकाची किंमत कोणी मोजावी?

मालकांच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात आणि त्यांचा विचार गांभीर्याने केला पाहिजे. पहिला असा, की कोणालाही त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागावयास लावणे हे स्वतंत्र देशाला शोभत नाही. हे तत्त्व मान्य करण्यास हरकत नाही. युद्धात शस्त्र हाती घेण्यास श्रद्धेने नकार देणाऱ्याला अमेरिकेने सूट दिली ती योग्यच होती. परंतु असा मनुष्य आपल्या नकाराची किंमत स्वतः मोजतो. पर्यायी सेवा करतो, प्रसंगी तुरुंगात जातो. मालकाच्या नकाराची किंमत मात्र मालक मोजत नाही. ती दुकानात काम करणारी विक्रेती, रुग्णालयातील परिचारिका आणि विद्यापीठातील कारकून स्त्री मोजते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून पुण्य जोडण्याचा हा प्रकार आहे.

दुसरा युक्तिवाद असा, की कोणी कोणाला नोकरी करण्याची सक्ती केलेली नाही. अटी पसंत नसतील तर दुसरी नोकरी धरावी. पाठ्यपुस्तकातील पूर्ण स्पर्धेच्या बाजारात हे शोभते. प्रत्यक्षात नोकरी बदलली की विमा बदलतो, डॉक्टर बदलतो, मुलाचे चालू असलेले उपचार खंडित होतात. लहान गावात मोठे रुग्णालय एकच असते आणि परिचारिकेला दुसरा मालक शोधायचा तर गाव सोडावे लागते. शिवाय विम्यातील अटींची शंभर पाने वाचून कोणी नोकरी पत्करीत नाही. कामगार कायदे मुळात जन्मास आले ते ‘पटत नसेल तर सोडून जा’ या न्यायाने काम भागत नाही म्हणूनच.

तिसरा युक्तिवाद सर्वांत वजनदार आहे. ही सेवा एवढी लोकहिताची असेल तर सरकारने स्वतःच पैसे खर्च करून ती द्यावी; मालकाला मध्ये का ओढावे? न्या. अलिटो यांनीही हा पर्याय सुचविला होता. तत्त्वतः तो बरोबर आहे. पण गरीब स्त्रियांसाठी १९७० साली कायद्याने सुरू झालेल्या संघीय कुटुंबनियोजन योजनेकडे पाहावे. तिची वार्षिक तरतूद २०१५ ते २०२४ या काळात सुमारे २८ कोटी ६० लाख डॉलरवर गोठलेली राहिली. भाववाढ जमेस धरता ती घटतच गेली. सरकारने द्यावे असे न्यायालयात सांगणारा पक्ष काँग्रेसमध्ये सरकारने देऊ नये असे सांगत असेल, तर त्या पर्यायाला कागदापलीकडे अर्थ राहत नाही.

ही सूट कोठवर जाईल हाही प्रश्न आहे. न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी २०१४ च्या आपल्या भिन्नमतपत्रात विचारले होते, की रक्त देणे निषिद्ध मानणाऱ्या पंथाच्या मालकाने रक्तसंक्रमण वगळले तर काय? डुकराच्या अवयवांपासून बनणाऱ्या औषधांना मुस्लिम, ज्यू वा हिंदू मालकाने हरकत घेतली तर काय? लसीचे काय? तेव्हा ही अतिशयोक्ती वाटली. २०२२ साली टेक्सासमधील एका संघीय न्यायाधीशाने एड्सच्या विषाणूपासून बचाव करणारे औषध विम्यातून वगळण्याचा ख्रिस्ती मालकाचा हक्क याच १९९३ च्या कायद्याखाली मान्य केला. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेतले होते. ज्या राज्यांत गर्भपात बंद झाला तेथे साधन न मिळण्याची किंमत पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली.

येथील अनुभव

महाराष्ट्राला हा प्रश्न अगदीच परका नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले व त्या विषयावर लिहिण्यास आरंभ केला. मिशनऱ्यांच्या महाविद्यालयाला ते रुचणे शक्य नव्हते. कार्य सोडा नाही तर नोकरी सोडा असा प्रसंग आला आणि १९२५ साली कर्वे यांनी नोकरी सोडली. पुढे १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, खटले सोसले आणि गरिबीत दिवस काढले. श्रद्धा संस्थेची होती, किंमत मात्र नोकराने मोजली. संस्थेला निदान एवढे म्हणता येत होते, की हा मनुष्य आमच्या मताविरुद्ध जाहीर प्रचार करतो. अमेरिकेतील विक्रेती कसलाही प्रचार करीत नाही. तिचा व्यवहार तिचा आणि तिच्या डॉक्टरचा आहे.

स्वतंत्र भारताने वाट वेगळी धरली. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याखाली मालक व कामगार दोघेही वर्गणी भरतात, पण कोणते उपचार द्यावयाचे हे मालक ठरवीत नाही. संततिनियमनाची साधने सरकारी केंद्रांतून फुकट मिळतात. म्हणून येथे मालकाच्या धर्माचा प्रश्न उभा राहिला नाही. परंतु आत्मसंतुष्ट होण्याचेही कारण नाही. खासगी आरोग्यविम्याचा व्याप आता शहरी मध्यमवर्गात झपाट्याने वाढतो आहे आणि विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली प्रमाणित केलेल्या वगळलेल्या खर्चांच्या यादीत कोणत्याही प्रकारचे गर्भनिरोधन व नसबंदी यांचा उल्लेख आहे. अमेरिकेत जे धर्माच्या नावाने वगळले जाते ते येथे व्यापारी कलमाने वगळले जाते आणि त्यावर चर्चाही होत नाही. राज्यसंस्थाही निर्दोष नाही. १९७६–७७ या आणीबाणीच्या वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्या किती जणांच्या खुशीने झाल्या हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर पुरुषांनी पाठ फिरविली ती फिरविलीच. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे अवघे ०.३ टक्के होते. एका देशात सरकारने सक्ती केली, दुसऱ्यात मालकाला नकाराचा अधिकार दिला. दोन्हीकडे निर्णय ज्या व्यक्तीचा, तिला विचारण्याचे तेवढे राहून गेले.

मार्ग कोणता?

या वादातून बाहेर पडण्याचा खरा मार्ग विमा नोकरीपासून सोडविणे हा आहे. युद्धकाळातील एका तात्पुरत्या सोयीने मालकाला नोकराच्या शयनगृहाशी जोडले. तो संबंध तुटला की मालकाच्या सदसद्विवेकबुद्धीवरचे ओझेही उतरेल. हे करण्याची राजकीय शक्ती नजीकच्या काळात अमेरिकेत एकवटेल असे चिन्ह नाही. तोवर २०१३ ची तडजोड, म्हणजे मालकाने आक्षेप नोंदवावा व विमा कंपनीने सेवा परस्पर द्यावी, हीच त्यातल्या त्यात न्याय्य व्यवस्था होय. अर्ज भरणे हेही पाप, असे म्हणणाऱ्यांना एक प्रश्न विचारला पाहिजे. नोकर स्त्रीला मिळालेल्या रोख पगारातून ती तीच गोळी विकत घेते, तेव्हा पगाराच्या कागदावर स्वाक्षरी करणारा मालक पापात सहभागी होत नाही काय? होत नसेल, तर विम्याच्या कागदानेच तो कसा होतो?

धर्मस्वातंत्र्य हे मौल्यवान आहे आणि सरकारच्या सोयीसाठी ते चिरडले जाऊ नये, हा धडा आणीबाणी पाहिलेल्या देशाला कोणी शिकविण्याची गरज नाही. पण एकाचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या वेतनातून भागविले जाऊ लागले की त्याचे रूपांतर विशेषाधिकारात होते. फिलाडेल्फियाच्या निकालाचे वरिष्ठ न्यायालयांत काहीही होवो. श्रद्धा ज्याची, भुर्दंडही त्याचाच, हा साधा हिशेब जोवर कायद्यात उतरत नाही तोवर ही प्रकरणे एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात फिरत राहतील आणि त्यांचा खर्च, आजवरच्याप्रमाणेच, ज्यांचे नाव कोणत्याही निकालपत्रावर नाही अशा स्त्रिया भरीत राहतील.